मुक्कामाला आलेली

सोमवार, ८ नोव्हेंबर २०१०

ट्रॅव्हल्सची गाडी कळमनुरीहून निघून आज उजाडता उजाडता वाघोलीला पोचली. योगेश रस्त्यावरच उभा होता, जर्किनच्या खिशात हात घालून. आईच्या हातातली पिशवी घेताना म्हणाला, गावाकडची दगडं भरून आणलीस का? विमल म्हणाली, ज्वारी आहे, आणि तुझ्या पुण्याच्या दगडांपेक्षा मऊच आहे. तिला इतक्या महिन्यांनी चेष्टा सुचली, म्हणून हे इथं लिहून ठेवतो.

फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. एका खिडकीतून अर्धवट बांधलेल्या इमारती दिसतात, दुसरीतून अजून शिल्लक असलेलं शेत. विमल शेताच्या खिडकीत जाऊन बसली. योगेश खराडीला कंपनीत जातो, त्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला त्याचा फोटो. मी म्हटलं, जनावराला बांधतात तसं. तो म्हणाला, बाबा, बरोब्बर.

या वहीचं पहिलं पान मी मुद्दाम आनंदाचं लिहितो आहे. मी नागोराव पतंगे, हायस्कुलात मराठी शिकवत आलो. गेल्या वर्षी मानेला गाठ आली, मग काखेत, मग जांघेत. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. नांदेडला केमो झाली, गाठी विरघळल्या आणि परत आल्या. औरंगाबादला झाली, पुन्हा तेच. तिथल्या डॉक्टरांनी शेवटी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलायला सुरुवात केली, तेव्हाच विमल समजली. पण त्यांनीच पुण्यातल्या या नव्या उपचाराचं सांगितलं. अजून चाचणी चालू आहे, खात्री कोणी देत नाही, पण मला घेतलं आहे. मला तेवढं पुरे आहे.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

वाघोलीहून बसनं स्वारगेट आणि तिथून रिक्षानं मार्केट यार्डाच्या मागे. संशोधन केंद्र लहानसंच आहे, स्वच्छ, आणि कोणी कोणावर ओरडत नाही.

डॉ. अस्मिता आगाशे या प्रमुख. पन्नाशीच्या, पांढरे केस आखूड कापलेले, बोलणं जुन्या पुण्याचं. त्यांनी आम्हा तिघांना बसवून सगळं मराठीत समजावलं. माणसाच्या रक्तात काही पेशी जन्मतःच शिकारी असतात. काही लोकांच्या फार तिखट असतात. अशा एका दात्याच्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि रोग्याला द्यायच्या, म्हणजे त्या गाठींवर तुटून पडतात. आजवरची अडचण एवढीच होती की पाहुण्या पेशी परक्या अंगात टिकत नसत, थोड्याच दिवसांत मरून जात. इथं त्यांना टिकायला शिकवलं आहे. त्या मुक्कामाला येतात, असं त्या म्हणाल्या.

दाता कोण ते सांगायचं नसतं. एक बाई होती, एवढंच कळलं. मी विचारलं, त्या बाईचं आणखी काही माझ्यात येणार नाही ना? डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, तिचा स्वभाव आला तर आमची सोयच होईल, तिनं इतके प्रश्न विचारले नव्हते.

योगेश हसला. मीही हसलो. कागद घरी नेऊन वाचायला दिले. दोनदा वाचले आणि सही केली.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

आज पहिली पिशवी चढवली. पाण्यात चिमूटभर पीठ कालवावं तसं धुरकट दिसत होतं. एवढ्याशा पाण्यात एका बाईचं काहीतरी जिवंत आहे, या विचारानं मी त्या पिशवीला मनातल्या मनात नमस्कार केला.

शेजारच्या खाटेवर तात्याराव, मार्केट यार्डात कांद्याचे अडते, साठीचे. तोंडात शिवी आल्याशिवाय त्यांचं वाक्य उभं राहत नाही. नर्सबाई पिशवी लावत होत्या तेव्हा म्हणाले, मास्तर, जन्मभर आमच्या गाळ्यावर माल उतरला, आज आमच्यातच माल उतरतोय. दुपारी दोघांनाही हुडहुडी भरून ताप आला. ते अपेक्षितच होतं. तात्याराव कुडकुडतही बोलत होते, ऐकता ऐकता मला झोप लागली.

शुक्रवार, ३ डिसेंबर

मानेवरची गाठ सापडत नाही. सुपारीएवढी होती. सकाळी आरशासमोर चाचपत राहिलो, मग विमलला बोलावलं. तिनं चाचपलं, आणि हात तसाच मानेवर ठेवून उभी राहिली.

डॉक्टरांनी फोटो काढून दाखवले. पोटातल्याही अर्ध्या गेल्या. तात्यारावांच्या तर जवळजवळ सगळ्याच. विमलनं इमारतीत पेढे वाटले, कारण विचारल्यावर नुसतं ‘असंच’ म्हणाली.

भूक लागते. चालवतं. एक गंमत मात्र झाली. सकाळी झोपेतून उठलो तेव्हा डाव्या हाताचं बोट दातांवरून फिरत होतं, मशेरी लावतात तसं. आयुष्यात मी तंबाखूला हात लावलेला नाही. किराणा दुकानासमोर एक म्हातारी तव्यावरची मशेरी डबीत भरत होती, त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तात्यारावांना हे विनोद म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. इकडं तिकडं पाहून त्यांनी खिशातून एक लहान डबी काढून दाखवली. बायको मला घराबाहेर काढील, म्हणाले.

गुरुवार, ९ डिसेंबर

आज दिवस चांगला गेला. सकाळी योगेशबरोबर पायी हमरस्त्यापर्यंत जाऊन आलो. विमलनं आंबाडीची भाजी केली, दोन भाकरी खाल्ल्या. दुपारी वर्तमानपत्र वाचलं. संध्याकाळी जरा गार वारा सुटला म्हणून गच्चीवर गेले, बराच वेळ बसले. खाली शाळेच्या बसमधून पोरं उतरत होती. त्यांतली एक तरी आपली असावी असं वाटत राहिलं.

मंगळवार, १४ डिसेंबर

मागची पानं वाचत होतो.

‘गच्चीवर गेले, बराच वेळ बसले.’

मी मराठीचा शिक्षक आहे. मुलांच्या वह्यांत असल्या चुका लाल शाईनं गोल करण्यात जन्म गेला. घाईत काना चुकेल, वेलांटी चुकेल, पण पुरुष माणूस स्वतःबद्दल लिहिताना ‘गेले’ लिहीत नाही. हात तसा वळतच नाही. आणि ती पोरांबद्दलची ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही. अक्षर माझंच आहे.

विमलला दाखवलं. ती म्हणाली, थकवा आहे हो. मग थोड्या वेळानं, भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाली की परवा झोपेत मी कुणाला तरी हाक मारत होतो. सोनू, सोनू म्हणून.

आमच्या नात्यात, ओळखीत, शाळेत, सोनू नावाचं कोणी नाही.

शुक्रवार, २४ डिसेंबर

हे नीट लिहायला हवं.

आज तपासणी होती. बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं बसलो होतो. मी, तात्याराव, चाकणच्या कारखान्यातला फिटर संभाजी, आणि अकोल्याची रुपाली, इथं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांनाही त्याच बाईच्या पेशी. चौघंही बरे होत आलेले.

कोणाला तरी भेटायला आलेल्यांची मुलगी बोळात चुकली आणि तिनं हाक मारली, आई.

आम्ही चौघंही उठून उभे राहिलो.

वळून पाहिलं असं नाही. उठलो. चौघांचाही उजवा हात पुढं आलेला, चौघंही कमरेत किंचित वाकलेले, लहान मुलाला धरायला वाकतात तसे. साठीचा अडत्या, तो दाढीवाला फिटर, ती जीन्समधली पोरगी आणि मी. त्या मुलीची खरी आई आली आणि तिला घेऊन गेली. तरी आम्ही उभेच. एकमेकांकडं कोणी पाहिलं नाही.

दारात डॉक्टर उभ्या होत्या. म्हणाल्या, बसा, बसा, अजून बस आलेली नाही. पण आवाजाला विनोद पेलला नाही.

मी आत जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मशेरी, वही, सोनू. त्या म्हणाल्या, मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाच्या मनाचे खेळ असतात, तुम्ही चौघं बाकावर बसून एकमेकांना गोष्टी सांगता. पेशी फक्त गाठी ओळखतात, पतंगे सर, माणसं नाही. सोनू हे नाव मात्र त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. आणि खिडकीकडं बघत राहिल्या.

बुधवार, ५ जानेवारी २०११

आज काय झालं ते क्रमानं लिहितो. क्रम सुटला तर मी सुटेन असं वाटतं.

केंद्रात जायला निघालो. स्वारगेटला रिक्षा केली. मार्केट यार्डाच्या फाटकाशी मी रिक्षा थांबवली. का, ते ठाऊक नाही. पाय चालत होते. गोदामांच्या मागं एक बोळ आहे, तिथं एका खोलीचं दार फार बुटकं आहे. ते दिसायच्या आधीच मी मान खाली घातली होती.

पायरीवर सहा-सात वर्षांची मुलगी फणी घेऊन बसली होती. तिनं मला पाहिलं. घाबरली नाही, कोण म्हणून विचारलं नाही. फणी पुढं केली.

मी बसलो, तिला पुढ्यात घेतली. भांग पाडला, तेल चोपडलं, दोन वेण्या घातल्या, वर वळवून रिबिनी बांधल्या. मला मुलगी नाही. उभ्या जन्मात मी कुणाची वेणी घातलेली नाही. माझे हात एकदाही अडखळले नाहीत. ती म्हणाली, आई अशीच घट्ट घालायची.

मला इतका आनंद झाला. तो आनंद माझा नव्हता, आणि तरी तो जाऊ नये असं वाटत होतं. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

मग तिचा बाप आला. रामदास, यार्डात हमाली करतो. मला पाहून दचकला नाही. मुलीला आत जायला सांगितलं आणि म्हणाला, “तुमी पाचवं.”

दिवाळीपासून माणसं येताहेत. पहिली एक मोटारीतली बाई आली, आमच्या आधी उपचार झालेली असणार, पोरीचे हात हुंगत बसली. मग एक शेठ. मग एक पोरगी. मग एक दाढीवाला. येतात, पायरीवर बसतात, घरातल्या वस्तू जागेवर ठेवतात. वस्तूंची जागा त्यांना ठाऊक असते.

त्याची बायको हिरा. रक्तदानाच्या शिबिरात केंद्रातल्या लोकांना तिच्या रक्ताचं नवल वाटलं. पुन्हा बोलावलं, ती आनंदानं गेली. घरी येऊन हसत सांगितलं की माझ्यातलं कुणाच्या तरी अंगात ऱ्हानार म्हणत्यात. त्याच पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. पोरीला लागू नये म्हणून सोनूला मावशीकडं धाडलं होतं. हिरा तापात एकच म्हणत होती, तिला आणा, मला बघू द्या. आणेपर्यंत संपली.

“सायेब, ती वाईट न्हवती,” रामदास म्हणाला. “पर ती मेलीया.”

रविवार, १६ जानेवारी

समोरच्या बिऱ्हाडात हळदीकुंकू होतं. विमल गेली, मी दाराशी उभा होतो. बायकांनी तिला नाव घ्यायचा आग्रह केला. तिनं लाजत उखाणा घेतला. नागोरावांचं नाव घेते, असं काहीतरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हळदीकुंकवाची कोयरी माझ्यासमोरून गेली आणि मी कपाळ पुढं केलं.

कोणी हसलं नाही. विमलनं मला हाताला धरून घरी आणलं.

चहा पिताना मी तिला विचारलं, नागोराव कोण?

तिच्या हातातला कप कलंडला. मग मला आठवलं.

गुरुवार, २० जानेवारी

तात्याराव गेले.

ते दिवस दिवस त्या पायरीवर बसायला लागले तेव्हा त्यांच्या मुलांनी डॉक्टरांकडं धरणं धरलं. पाहुण्या पेशींना मारणारं एक इंजेक्शन आहे. गडबड झाली तर वापरायला तयार ठेवलेलं. ते दिलं. दुसऱ्या दिवशी तात्यारावांचा मला फोन, सणसणीत शिवी देऊन सुरुवात. मास्तर, गेली ती. डोकं कसं झाडून काढलेल्या गाळ्यासारखं झालंय. मिसळ मागवली, पोरांवर ओरडले, बायकोशी भांडले. सगळे किती सुखात होते म्हणे.

आणि गाठी परत आल्या, आधीपेक्षा वेगानं. घरच्यांच्या डोळ्यांदेखत.

वैकुंठ स्मशानभूमीत संभाजी आणि रुपालीही आले होते. आम्ही तिघं एका बाजूला उभे होतो. मला रडू येत होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी तात्यारावांसाठी रडत नाही. त्यांच्यातली ती मेली, म्हणून रडतो आहे. बाकीच्या दोघांकडं पाहिलं. त्यांचंही तेच.

मंगळवार, २५ जानेवारी

संभाजीनं सोनूला शाळेच्या फाटकातून नेलं. तिचं बोट धरून सरळ स्वारगेटला, गाडीत बसायला. ती रडली नाही, आपणहून गेली. रुपाली मागून चालली होती. अडवायला नाही, स्वतःला न्यायला. स्टँडवर दोघांनी तिचा एकेक हात धरला. दोघांनीही सोडला नाही.

तिचा खांदा निखळला.

लोकांनी सोडवलं. पोलिसांना काय सांगायचं, दोघंही नुसते रडत होते, आमची पोर म्हणत होते. रामदासनं तक्रार केली नाही, म्हणून त्यांना सोडून दिलं.

हे रामदासनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा — मी का नव्हते तिथं.

नव्हते.

खोडत नाही. राहू दे. कळू दे कुणाला तरी.

शुक्रवार, २८ जानेवारी

विमलला घेऊन रामदासकडं गेलो. ती बरोबर असली की मी जास्त मी असतो. सोनूचा हात झोळीत होता. मी तिच्याकडं पाहिलं नाही, भिंतीकडं बघून बोललो. रामदासला म्हटलं, पोरीला घेऊन पुणं सोड, आणि कुठं जातोस ते आम्हा कुणाला सांगू नकोस. तो म्हणाला, ठरलंय, पुढच्या शुक्रवारी शाळेचा दाखला मिळतोय, की निघतो.

तो गावाचं नाव बोलला नाही. पण मला रस्ता दिसला. बार्शीकडचा फाटा, उतारावरची विहीर, मारुतीचं देऊळ, डाव्या अंगाला तिसरं घर. तिचं सासर. तिला ठाऊक आहे. म्हणजे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

पळून उपयोग नाही. तिथंही जाऊ. सगळे.

तिथून आम्ही तसेच डॉक्टरांकडं गेलो. मी इंजेक्शन मागितलं. पहिल्यांदाच त्यांनी टोमणा मारला नाही. म्हणाल्या, तुमच्या शरीरात आज एकही गाठ नाही, तुम्हाला कळतंय ना काय मागताय? मी म्हटलं, कळतंय. त्या पोरीला आम्ही मारून टाकू. मायेनंच मारू. त्यांनी डोळे मिटून घेतले. सोमवारी या, म्हणाल्या, मी बाकीच्यांनाही बोलावते.

बसमध्ये विमल पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. वाघोली आली तेव्हा म्हणाली, “अहो, मला माझा माणूस हवाय. थोडे दिवस का असेनात.”

सोमवार, ३१ जानेवारी

पोचलो नाही.

विमल शेजारीच होती रिक्षात. सिग्नलला मी उतरलो — उतरले — ती ओरडली, गर्दी होती. पुढचं नाही. संध्याकाळी विमल आणि योगेश मला त्या बोळातून घेऊन आले. हाताला खोबरेल तेलाचा वास.

डॉक्टरांचा फोन आला होता. बाकीचंही कोणी गेलं नाही.

मंगळवार, १ फेब्रुवारी

डॉक्टर इंजेक्शन घेऊन घरी आल्या. योगेशनं धरलं, विमलनं धरलं. मला आठवतं ते इतकंच की मी त्यांना म्हणत होते, बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, माझ्यातलं कुणाच्या तरी अंगात राहणार म्हणून. डॉक्टरांच्या हातातली सुई पडली. त्यांनी तो आवाज ओळखला —

उद्या दोन माणसं घेऊन येते म्हणाल्या. जाताना जिन्यात बसून रडत होत्या, योगेशनं पाहिलं.

बुधवार, २ फेब्रुवारी

दाराला कुलूप. योगेश कामाला गेला नाही. डॉक्टर आल्या नाहीत, फोन लागत नाही.

आरशात मिशीवाला माणूस. दचकले.

विमल समोर बसून सांगते — तुम्ही नागोराव, तुमची शाळा, आपलं लग्न कळमनुरीला, मांडवात वीज गेली होती. मी हो म्हणतो. बाईचा आवाज फार गोड आहे. तिचं कुणीतरी हरवलंय.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

थोडा वेळ मिळालाय. सकाळपासून मी मी आहे. किती वेळ, माहीत नाही.

योगेश, ती पोर — शाळेत जाऊन सांग, शुक्रवारी तिला फाटकातून सोडू नका. मागच्या बाजूनं — नाही, हे मी लिहिलं म्हणजे तिलाही कळलं —

तोंडानं सांगायला गेलो. तोंडातून दुसरंच आलं. विमल कानावर हात ठेवून आत गेली.

हात अजून माझा आहे. लिहितो तेवढा मी. बाकी सगळं —

उद्या दाखला

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

शाळा सुटायला येळ हाय. फाटकासमोर झाडाखाली बसले. त्याची वही पिशवीत होती. हात आपसूक लिवतोय, लिवू द्यावं.

सकाळी पोरगा डाक्टरीनीला हुडकाया गेला, तवा त्याच्या आवाजात म्हनले, विमल, दार उघड, मी बरा आहे. तिनं लगी उघडलं. लई आनंद झाला तिला. तिचं वाईट वाटलं.

फोन वाजतोय. विमल असं नाव येतंय. कोन विमल ते ध्यानात येत न्हाई, पर डोळ्याला पानी येतंय.

पलीकडं ती कालेजची पोरगी हुबी हाय. दुकानाच्या कडंला तो दाढीवाला. मोटारीतली बाई बी आली. समदे माज्याकडं बघत्यात. माज्याच नजरेनं. कुनी कुनाला सोडनार न्हाई.

रामदास आत गेलाय, दाखल्याला.

घंटा झाली. पोरं आली भाईर. झोळीतला हात — ती बघ, माजी सोनू, हिकडंच बघती, हसली, आली, पळत आली

सोनू इकडे नको

तोंड माझं नाही म्हणून लिहितो, मी पतंगे सर सांगतोय बाळ, मागे फिर, वडिलांकडे, आम्ही सगळे उठलोय, आमच्या कुणाच्या हातात हात देऊ न